कमावणं

कातडं मला कळतं.
सुभाषनगरात तीस वर्षं तेच करतोय.
म्हशीच्या पाठीवर कुठं गोचीड बसली होती,
कुठं तारेनं ओरखडलं होतं,
बोट फिरवलं की सांगतो.
बाभळीच्या सालीत, हिरड्याच्या पाण्यात
कमावताना कुठला तुकडा दगा देणार
तेही आधीच कळतं.

गौतमीच्या जबड्याखाली सुपारीएवढी गाठ आली
तेव्हा म्हटलं, दात किडला असंल.
दुखत नव्हती. ताप नव्हता.
शेजारच्या आक्कांनी चुना लावला,
दोरा बांधला, गंडमाळ म्हणाल्या.
मग वरची कातडी जांभळी पडली,
कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली
आणि दिवाळीच्या सुट्टीत फुटली.

सुट्टी संपल्यावर ती केस मोकळे सोडून शाळेत जायला लागली.
बाईंनी विचारलं, वेण्या का नाहीत?
म्हणाली, आवडत नाहीत.

थोरल्या दवाखान्यात मुल्लाणी डॉक्टरीणबाईंनी
तिच्या हातावर बारीक सुई टोचली,
भोवती बॉलपेननं गोल काढला.
मी गिऱ्हाइकाचा पाय कागदावर ठेवून
पेन्सिल फिरवतो, तसाच.
परवा या, म्हणाल्या, तोवर खाजवू नका.
परवा पट्टी लावली. अठरा मिलिमीटर.
माप नीट निघालं की एरवी मला बरं वाटतं.

"टीबी छातीत असतो न्हवं? मानेला कसा?"
"आतल्या गाठीत असतो. तिथनं वाट काढत कातडीपर्यंत येतो."
मग पेन खाली ठेवून त्यांनी विचारलं,
"घरात कुणाला खोकला?"

मी बायकोकडं बघितलं.
ती आधीपासून माझ्याकडं बघत होती.
गणपतीपासूनचा माझा खोकला,
सालीच्या भुकटीवर, सोल्युशनच्या वासावर ढकललेला,
तेवढ्या वेळात आला नाही.
तेवढाच वेळ आला नाही.

आता सहा महिने दोघांच्या गोळ्या.
तिला तिच्या वजनाच्या, मला माझ्या,
पाणी एकाच तांब्यातलं.
लघवी लाल होते म्हणून ती खुदखुदते,
"अप्पा, तुमची बी?"
माझी बी.

जखम भरली. वण राहिला,
कडेला आवळलेला, मधे खोल,
घाईत ओढलेल्या टाक्यासारखा.
बायको म्हणते, दिसत नाही फारसा.
माझ्या हातचं काम मी ओळखतो.

काल तिनं आईकडं रिबिनी मागितल्या.
एकच सापडली.