चौथाई

आमच्या भूतानात जमिनीला जुनं माप होतं, लांगदो:
एका बैलजोडीनं एका दिवसात नांगरावी तेवढी.
बैल थकलेले असले की लांगदो आखूड,
माती मऊ असली की ऐसपैस.
मी आलो तो डेसिमल घेऊन.
तिवईवर दुर्बीण, खांद्यावर लाल-पांढरी काठी,
आणि थिंफूच्या खालच्या अंगाच्या त्या खोऱ्याचा नकाशा,
ज्यात अजून एकही माणूस नव्हता.

शाळेच्या पडवीत बैठक भरली.
नकाशाच्या चारी कोपऱ्यांवर दगड, वारा नदीकडचा.
म्हटलं, पिवळं ते राहायचं, तांबडं दुकानांचं,
हिरव्यात काही बांधायचं नाही,
निळी ती नदी, ती तुम्हाला माहीतच आहे.
मधून मधून पांढरं पळतंय ते रस्ते.
"पांढरं कुणाचं?" आप डोफूंनी विचारलं.
"सगळ्यांचं."
"म्हणजे कुणाचं?"

मग जे सांगायला मला पाठवलं होतं ते सांगितलं.
सगळ्यांनी आपापली जमीन एका पातेल्यात ओतायची,
आणि परत वाढताना
चारातल्या तीन वाट्या ज्याच्या त्याला,
चौथी ठेवून घ्यायची
रस्त्याला, गटाराला, पाण्याच्या टाकीला, पोरांच्या मैदानाला.
उरलेल्या तिनांना भाव येईल
पूर्वीच्या चारांहून जास्त.
कागदावर हे बरोबर होतं.
कागदावर मी आजही ते बरोबर करून दाखवीन.

आउम ग्येमचे सतरा डेसिमल. पावणेतेरा होणार.
"वरचा पाऊण तरी कशाला ठेवता," ती म्हणाली,
"त्यावर मी एका पायावर उभी राहू?"
लोक हसले. ती नाही.

छेवांगची झाडून सगळी जमीन काठावरची, हिरव्यात गेली.
त्याला वर टेकडीच्या पोटाशी तुकडा मिळाला,
मापात चोख, भरपूर उन्हाचा.
तो म्हणाला, इथं पाण्याचा आवाज येत नाही.
मी नकाशाच्या कडेची खुणांची यादी पाहिली.
आवाजाला खूण नव्हती.

हरकतींना तीस दिवस. एकेचाळीस अर्ज आले.
एक अक्रोडाचं झाड वाचवायला
मी रात्री रेष तीन मीटर सरकवली,
तर सात घरांचे कोपरे हलले,
आणि सकाळी दारात सातही घरं.

बेचाळिसावी आली रिगझोम, अर्जाशिवाय.
आप डोफूंच्या बांधावर पत्र्याच्या टपरीत मोमो विकायची.
तिच्या नावावर थ्राम नाही, हद्द नाही, खुंट नाही.
"माझ्यातलं काय घेणार तुम्ही?"
काही नाही, मी म्हटलं. ज्याच्याकडे जमीन नाही
त्याला काही द्यावं लागत नाही.
घरी जाऊन नकाशा उलगडला.
टपरी नेमकी पांढऱ्यात होती.
तिच्या चारही वाट्या गेल्या.

आता तिथं रस्ता आहे. आठ वर्षं झाली.
गटार वाहतं, बंब आत येऊ शकतो,
आणि अक्रोड, खरं सांगायचं तर,
दुसऱ्याच वर्षी वाळला.
काल काही कामानं गेलो होतो.
वळणावर आउम ग्येम एका टॅक्सीवाल्याला झापत होती:
"काढ गाडी. तुझं चाक माझ्या मिरचीच्या वाफ्यात आहे."
तो खाली बघतो तर डांबर.
तिनं हातानं हवेत चौकोन आखला, बांधासकट,
आणि तो बिचारा खरोखरच मागे सरकला.

मग तिनं हाक मारली.
पदपथाच्या कडेनं रिगझोम आली,
डोक्यावर वाफ निघणारा मोदकपात्रासारखा डबा.
"इथं बस," ग्येम म्हणाली.
"हे सव्वाचार डेसिमल अजून माझे आहेत."

नियमानं हे अतिक्रमण.
खिशातून वही काढली, तारीख घातली,
जागेचं वर्णन लिहायला लागलो.
ग्येम डोकावून म्हणाली,
"लिही. आणि याला कुठला रंग देणार तेही लिही."
पेन्सिल हातात तशीच.
रिगझोमनं प्लेट पुढे केली,
आणि पैसे आधी मागितले.