नाकापेक्षा जड

मुहर्रकच्या त्या गल्लीत दुकानाला पाटी नाही.
हाजी मुबारक पितळी चाळण्या घेऊन बसतात,
एकात एक, भोकं बारीक होत गेलेली,
आणि मोती चाळतात, कुणी
लाडवांसाठी रवा चाळावा तसे, मान न उचलता.
शेजारच्या स्टुलावर मी. नथा गुंफते.

परवा शाल्मली रेगे आली रिफाहून,
गाडी चालू ठेवून.
रुमालात सासूची नथ, दोन दाणे मेलेले.
"जरा मोठी करा. फोटोत दिसायला हवी."
म्हण अगदी जिभेवर आली होती.
गिळली. गिऱ्हाईक आहे.
"बसरा मोती आहेत हं," ती म्हणाली,
कुणी आपलं गोत्र सांगावं तसं.

हाजींनी दाणा उजेडात धरला.
बसऱ्याला नुसते विकायला न्यायचे, म्हणाले.
हे इथलं. आमच्या दारातलं पाणी.

मोत्याला आम्हीही पाणीच म्हणतो,
मी सांगितलं. ते हसले,
आणि गल्ल्यातल्या चिल्लरीखालून काढला
कासवाच्या पाठीचा एक चिमटा.
फिताम. आजोबांचा.
बुडी मारताना नाकाला लावायचा.
पायाला दगड, कमरेला दोर,
वर होडीत नाखुदा (आमचा नाखवाच की तो),
श्वास नाही, शिंपले मोजणारा.

मी तो लावून पाहिला.
जिथे नथ अडकते, बरोबर तिथेच.
सत्तावीस मोजेपर्यंत कानांत ढोल वाजू लागले.
"आजोबा नव्वद मोजायचे," हाजी म्हणाले.
"एकदा शंभर मोजायला गेले."
पुढे नुसती चाळणीच हलत राहिली.

शाळेत बाई म्हणायच्या, तुझं अक्षर मोत्यासारखं.
दात मोत्यांचे, घामाचे मोती, आसवंसुद्धा.
केवढं काय काय मोत्यांचं करून ठेवलं आम्ही वहीत,
कुजत्या शिंपल्यांचा वास तेवढा
एकाही ओळीला आला नाही.

आज ती नथ न्यायला आली.
आरशापुढे हनुवटी उचलली,
आणि खरं सांगते, सुंदर दिसत होती,
इतकी, की मलाही क्षणभर हवीशी वाटली ती,
नथ की ती हनुवटी, कोण जाणे.

श्वासागणिक दाणे हलत होते.
फोटो हलला.
"थांब," म्हणाली, मोबाइल पुन्हा धरला,
आणि श्वास रोखला.

हाजींचा हात चाळणीवर थांबला.
मी मोजू लागले.