पुढचं पान

अंबडला, खाली कॉइल गुंडाळायचा कारखाना,
वरच्या मजल्यावर आम्ही पाच जण आणि ठिबकणारा एसी.
काम आमचं रिलेच्या सॉफ्टवेअरला रोज रात्री छळायचं:
व्होल्टेज पाड, फेज उडव, बघ ट्रिप होतो का.

एका सोमवारी बोरस्ते म्हणाले,
टेस्ट सूट एकूण किती आहेत आपल्याकडे?
तस्नीम म्हणाली चाळीस. मी म्हटलं साठेक.
सर्व्हरला ठाऊक असणार, पण सर्व्हरला विचारणार कोण?
माझ्याकडे बघितलं सगळ्यांनी.

एवढंसं टूल. सत्तर ओळी.
एपीआयच्या दारात टोकन दाखवायचं,
दार उघडलं की म्हणायचं, यादी दे.
उत्तर आलं दोनशे, म्हणजे सगळं ठीक,
आणि पाठोपाठ नावं, एकाखाली एक:
ओव्हरकरंट. अर्थ फॉल्ट. थंडीतली सुरुवात.
निनाद_तात्पुरतं.
निनाद गोवर्धने पुण्याला गेला त्याला सहा वर्षं झाली,
त्याचं तात्पुरतं अजून रात्री दोन दहाला उठतं,
पास होतं,
परत झोपतं.

मोजले. बरोबर पन्नास.
खटकलंच.
खरी गोष्ट इतकी गोल नसते,
द्राक्षाची पेटीसुद्धा वजनावर भरतात, घड मोजून नाही.
उत्तराच्या तळाशी बारीक अक्षरात होतं: पुढे.
पुढचं पान मागावं लागतं.
न मागितलं तर आहे तेवढंच पुरेसं दिसतं
आणि माणूस समाधानाने चहाला जातो.
मी दोनदा जाऊन आले होते.

एकशे त्र्याहत्तर निघाले.

त्याच आठवड्यात आत्याचा दहावा.
रामकुंडावर सगळं उरकल्यावर दादा म्हणाला,
आलोच आहोत तर वहीत नोंद करून जाऊ.
गुरुजींनी चष्मा पुसला. आडनाव? गाव?
खुळे. वडांगळी, तालुका सिन्नर.
बस, तेवढ्यावर दार उघडलं.
लाल फडक्यातून लांबट वही, वहीतून
पणजोबांची मोडीतली सही,
आजोबांचा अंगठा,
बाबांचं निळ्या बॉलपेनचं तिरकं अक्षर,
सोबत आलेले मुलगे, त्यांचे मुलगे.
मी विचारलं, आत्या?
लेकींची नोंद सासरच्या वहीत, ते म्हणाले,
चढ्या आवाजात नाही, पोस्टात पिनकोड सांगतात तसं.
आत्याचं सासर चार महिन्यांचं.
त्या गावाचं नाव आमच्या घरात कोणी घेतलं नाही,
पुढची एकेचाळीस वर्षं ती आमच्याच चुलीपाशी होती,
माझ्या दहावीच्या फॉर्मवर पालक म्हणून सही तिची.
पुढचं पान बघता?
गुरुजींनी उलटलं.
कोरं होतं.

रात्री पुन्हा ते टूल उघडून बसले.
सूटची यादी मागितली होती, सूटचीच मिळाली.
सर्व्हर खोटं बोलला नव्हता.
पण जी चाचणी कुठल्याच सूटमध्ये नाही
ती या दारातून येईल कशी?
शेजारचं दार ठोठावलं: चाचण्या दे, सगळ्या, पानं कितीही असोत.
त्यातून घर असलेल्या वजा केल्या.
एकोणीस उरल्या.

त्यातली एक:
वीज जाऊन परत आल्यावर
रिलेला आधीचं आठवतं का.
लिहिणाऱ्याचं नाव नाही. शेवटची कधी चालली, ती जागा रिकामी.
चालवली.
नापास.

सकाळी बोरस्ते बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले,
मग म्हणाले, हा माल तर मागच्या महिन्यात गेलाय,
आणि फोन घेऊन जिन्यात गेले.

टूलमध्ये मी नवा पर्याय घातला होता, नाव दिलं होतं
बेवारस.
तस्नीमनं तपासताना शेरा मारला: बाकी ठीक, शब्द बदल.
बदलला. उरलेल्या.
तोही नीट बसत नाही, पण राहू दिला.

जेवणाच्या सुट्टीत दादाला फोन केला,
विचार म्हटलं, गुरुजी रविवारी असतात का,
आणि पेन
आपण आपलं न्यायचं असतं का.