हातचा एक

रात्री साडेअकरा. बटाट्याच्या वजनपावतीच्या पाठीवर
मी तीन रकाने आखले:
हाताबाहेरची, हाताजोगी, हातची.
पहिल्यात आठ नावं, दुसऱ्यात तीन,
तिसऱ्यात एकच, तेही पेन्सिलीनं.

समुपदेशक ऊलेटबाई म्हणाल्या, छान यादी आहे, नोएला.
त्या एकट्या दोनशे दहा मुलांना पुरतात,
शिवाय गुरुवारी स्कूलबसच्या फेऱ्या लावतात.
त्यांच्या फळ्यावर एका मुलाचा फोटो आहे,
नऊ वर्षांपूर्वी असल्याच एका कॉलेजात गेलेला.
थँक्सगिव्हिंगला घरी आला तो परत गेला नाही,
हे फोटोत दिसत नाही.
हल्ली तो गावातला बर्फ ओढायची गाडी चालवतो.
चांगली चालवतो.

शंभरात चार, असं पत्रकात छापलंय,
शेजारी मेपलखाली हसणारे तिघं जण.
अर्मान म्हणतो, चार आठे बत्तीस,
म्हणजे तिसरा हिस्सा झालाच की तुझा.
भावाला समजावलं, असं बेरजेनं नसतं रे,
नकारांचा गुणाकार करायचा आधी:
शहाण्णव टक्के, त्याचे शहाण्णव टक्के, असं आठ वेळा,
उरतात बहात्तर. म्हणजे माझे अठ्ठावीस.
तो म्हणाला, बघ, चारच तर कमी झाले.

पुढचं मी त्याला सांगितलं नाही.
हा हिशेब सुट्या फाशांचा आहे.
आठही ठिकाणी जाणार ती मीच,
त्याच गुणांची, त्याच निबंधाची,
मेन राज्याच्या त्याच टोकाची.
एकीकडे नको झाले
तर दुसरीकडे वेगळी कुठून पडू?

निबंधाचा विषय: तुम्ही कशावर मात केलीत?
साडेसहाशे शब्दांत.
आमची शाळा सप्टेंबरात बंद असते, काढणीसाठी.
मी हार्वेस्टरवर उभी राहून
सरकत्या पट्ट्यावरचे दगड वेचते.
पहाटेच्या अंधारात दगड काय, बटाटा काय, सारखेच,
फक्त बोटांना कळतं.
एवढं लिहिलं आणि खोडलं.
कुणाचा तरी आवाज उसना आणल्यासारखं वाटलं,
जणू मी दगडांवर मात केली.
दगडांनी माझं काही वाकडं केलेलं नाही.
तासाला पंधरा डॉलर मिळतात.

मदतीच्या अर्जात जमिनीची किंमत विचारतात.
पपांनी आकडा लिहिला आणि आम्ही दोघंही हसलो:
कागदावर केवढे श्रीमंत!
ट्रकचा गिअरबॉक्स गेलाय, त्याला रकाना नाही.
चार टक्के, मी त्यांना सांगून टाकलं.
ते म्हणाले, चार टक्के उगवण असती
तर ते बियाणं मी दारातूनच परत धाडलं असतं.
मग कार्डाचा नंबर वाचून दाखवला, सावकाश,
आकडे ते अजून फ्रेंचमध्येच मोजतात,
आठ अर्जांसाठी आठ वेळा.
आठव्यांदा मला पाठ होता. तरी वाचू दिला.

तिसऱ्या रकान्यातलं कॉलेज पाऊण तासावर आहे.
वसतिगृहातून नदीपल्याडचे कॅनडाचे दिवे दिसतात.
ते शंभरातले नव्वद घेतात,
आईनं तिथेच नर्सिंग केलं, मी पोटात असताना.
हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये म्हणतात.
पण मी सोडलंय कुठे?
पहिलीत बेरीज शिकवताना सांगायचे ना,
हातचा एक पुढच्या घराच्या डोक्यावर लिहा,
बारीक लिहा, पण लिहा,
विसरलात तर सगळं उत्तर चुकतं.
मी खोडरबर घेतलं, ते नाव पुसलं,
आणि तिन्ही रकान्यांच्या वर पेनानं लिहिलं.

तेवढ्यात अर्मान जिन्याखालून ओरडला:
निबंधात माझं नाव आहे का?
नाही, म्हटलं.
घाल की, तेवढेच टक्के वाढतील.

घातलं.
आता सहाशे एक्कावन्न शब्द झालेत.