न वाजणारी सात

तापकीर गल्लीतून दोनशे चाळीसचा दिवा आणला,
मान हवी तशी वळते त्याची,
घरातल्या कुणाहूनही सोपी.

सहकारनगरच्या दोन खोल्यांत, दुपारी दोनला,
पडदे ओढून मी दुकान मांडते:
तूरडाळीचा डबा, मुगाचा डबा, सारख्या उंचीचे,
वर आडवा फोन, त्याचा डोळा मधल्या फटीत.
खाली पांढरा कागद.
कागदावर खोकल्याच्या औषधाचं झाकण,
झाकणावर नाणं,
म्हणजे सावली खाली पडते, नाण्याला चिकटत नाही.
पंखा बंद. कुकर बंद.
तीन सेकंदांचा टायमर,
कारण बोट नुसतं टेकलं तरी
तिन्ही सिंह हलतात.

तन्मेषने सांगून ठेवलंय,
"मावशी, उजेड वरून नको, नुसतं चकाकतं.
बाजूने दे, तिरका. मध्ये बटर पेपर धर.
आणि घासू नकोस हं! चिंच नाही, पितांबरी नाही."
नानकटाईचा बटर पेपर उरलाच होता.
घासलं नाही.
जन्मात पहिल्यांदा
या घरात तांबं काळं राहू दिलं.

नाणी आप्पांची. लिमलेटच्या डब्यातली.
पी.एम.टी.त एकतीस वर्षं कंडक्टर,
स्वारगेट ते धायरी, धायरी ते स्वारगेट.
आम्हाला वाटायचं, त्यांना छंद आहे.
पिशवीत काही वेगळं आलं
की खिशातलं चालू नाणं टाकून ते उचलत असणार:
भोकाचा पैसा, कमळाचे वीस,
चौकोनी पाच, नक्षीच्या कडेचे दहा.
आणि तळाशी, तिकिटाच्या कागदात गुंडाळलेले
सात रुपये. एकेकाचे.

समोरून सातही सारखे दिसले.
दिवा खाली नेला, पार कागदाला टेकेपर्यंत,
तेव्हा पहिल्याच्या अंगावर बारीक भोकं उमटली,
इडलीला पडतात तशी.
कडेच्या रेघा मध्येच सोडून दिलेल्या.
सिंहांना आयाळ आहे, चेहरे नाहीत.
साल तेवढं स्वच्छ वाचता येतं.
उलटं करून पाहिलं.
नाण्याच्या दुसऱ्या बाजूबद्दल लोक फार बोलतात,
इथे ती पहिलीइतकीच खोटी.

रविवार पेठेतल्या पारसमलशेठनी
फोटो पाहून निरोप धाडला:
"कमळ घेतो. भोकाचे दोन घेतो.
रुपये सातही शिशाचे, टाकून द्या.
फोटो मात्र झकास."

एक ओट्यावर टाकून पाहिलं.
वाजलं नाही. नुसतं बसलं,
शेवटची फेरी संपल्यावर माणूस बसतो तसं.

मग आठवलं. रात्री चपला काढताना आप्पा म्हणायचे,
"आज एक कमी भरला."
आई काही विचारायची नाही, भाकरी उलटायची.
डेपोतला कॅशियर खोटं नाणं
नखाने परत सरकवणार,
भरपाई खिशातून.
पुढच्या थांब्यावर, गर्दीत, सुट्ट्यांच्या मुठीत
ते कुणाच्याही तळहातावर ठेवता आलं असतं.
त्यांच्या तळहातावर कुणीतरी
तसंच ठेवलं होतं.

एकतीस वर्षांत सातच आली,
की जास्त आली आणि बाकीची
त्यांनीही पुढे चालवली, महिनाअखेरीला,
आमच्या फीच्या दिवसांत?
मला माहीत नाही. डबा सांगत नाही.
दिवा कितीही तिरका धरला
तरी एवढं खालचं दिसत नाही.

कमळाचा फोटो एका फटक्यात झाला होता.
या सातांना पुन्हा एकेक करून बसवते.
चार वाजता पडद्याच्या फटीतून ऊन शिरलं,
दिवा पांढरा, ऊन पिवळं,
पाचवा रुपया अर्धा चांदीचा, अर्धा सोन्याचा निघाला.
चुकलेला फोटो. पुसणार होते.
राहू दिला.

संध्याकाळी मूग भिजत घालायचे आहेत,
म्हणजे डबा हलणार, फोनचा तोल जाणार.
त्याआधी सातवा.
झाकणावर ठेवते, जरा डावीकडे.
टायमर लावते.
तीन.
दोन.
श्वास धरते.