सही बाकी

व्हेग्रेव्हिलच्या उत्तरेला, ओरेस्ट मांड्रिकच्या कुरणात
तेलविहीर होती, हे आता कळतही नाही.
नळी मीटरभर खाली कापली,
झाकणाला वेल्डिंग मारलं,
वर काळी माती, गवताचं बी.
फाइल जाडजूड. फक्त माझी सही बाकी.

चौथा खड्डा खणते.
वास नाही. रंग बरा.
ओरेस्ट बोलत नाही,
हनुवटीनं गाई दाखवतो.

एवढं गुडघाभर हिरवं सोडून
सातहीजणी त्या टकल्या कोपऱ्यात
माती चाटताहेत.

"ड्रिलिंगचा चिखल. एकोणऐंशी साली
माझ्या बापासमोर पुरला."

कंपनीनं तीनदा नाव बदललं.
ज्यांनी पुरला, ते गेले.
खाल्ल्या मिठाला जागायला
ह्या एवढ्या उरल्या.

मी पेनाला टोपण लावते.
एक गाय मान वर करते,
जीभ अजून बाहेर, मातकट.