पोयण्याचा पूल

रात्री पावणेदहाला एक पांढरी गाडी
धक्क्यावर येऊन थांबली, दिवे न विझवता.
मी दोरखंड वळत होतो.
काच खाली झाली. आत पुण्याकडचं जोडपं,
मागच्या सीटवर झोपलेलं पोर,
त्याच्या मांडीवर फोडलेला काजूचा पुडा.
“दादा, पूल कुठून चढायचा?”

कुठला पूल?

त्यानं फोन पुढं केला. याला विचारलं, म्हणाला, यानं सांगितलं:
पोयणें बेटाला जोडणारा पूल, लांबी सहाशे चाळीस मीटर,
अकरा खांब, दोन्ही अंगांना चालणाऱ्यांसाठी वाट,
रात्री दिवे लागल्यावर मांडवीचं दृश्य मनोहारी.

खरं सांगतो, मी वळून पाण्याकडे पाहिलं.
सव्वीस वर्षं ह्या फेरीबोटीवर आहे,
तरी पाहिलं.
इतकं नीट सांगितलं होतं.

ओहोटी होती. चिखलाचा वास,
मानशीच्या तोंडाशी कुणाची तरी बॅटरी,
आणि जिथं अकरावा खांब असायला हवा
तिथं फ्रुतुओझबाबची होडी पालथी.

“इथं फेरीच,” म्हटलं. “शेवटची दहाला.”
बायको म्हणाली, परत विचार त्याला.
त्यानं विचारलं. उत्तर तयारच होतं:
तुमचं बरोबर आहे, गैरसोयीबद्दल क्षमस्व,
इथं पूल नाही.
जुना पूल उत्तरेला दीड किलोमीटरवर आहे.

वर केबिनमधून रुझार ओरडला,
“पूल? तो व्हांवून गेलो, बांदचे आदींच!”
आणि भोंगा दिला.

खोटं आम्हीही सांगतो. आत्ता येते फेरी, म्हणतो,
आणि पलीकडे इंजिन उघडून बसलेले असतात.
पण सांगताना मान खाजवतो, घड्याळ बघत नाही,
रोजचा माणूस ओळखतो आणि चहाला जातो.
माझा चुलता थाप मारायच्या आधी
तपकिरीची चिमूट ओढायचा,
अख्खा वाडा त्या चिमटीवर लक्ष ठेवून असे.
ह्याला नाक नाही.

गाडी चढवली. साखळी लावली.
मधल्या पाण्यात आलो तसं मला आठवलं,
बाबांच्या पत्र्याच्या पेटीत, रेशनकार्डाखाली,
एक कात्रण होतं, घडीवर फाटलेलं.
मंत्र्याच्या हातात थापी, मागं बँडवाले,
आणि खाली बारीक अक्षरांत
सहाशे चाळीस मीटर.
खांब किती, ते मी लहानपणी बोटांवर मोजायचो.
बोटं एकानं कमी पडायची.

म्हणजे त्यानं मनानं रचलं नव्हतं.
आम्ही छापलं ते त्यानं वाचलं,
आणि पुढं काय झालं
हे कुणी छापलंच नाही.

हे त्या माणसाला सांगावं असं वाटलं.
तो कठड्याशी उभा राहून
उत्तरेकडे बघत होता. दीड किलोमीटर.

पलीकडे लागलो. मी लोखंडी फळी खाली सोडली,
तिचा खडखडाट झाला आणि पोर जागं झालं.
गाडीचे दिवे सरळ समोरच्या गवतात पडले,
तिथं तीन कोनशिला आहेत, तीन निवडणुकांच्या,
मधलीवर शेवंता सुंगटं वाळत घालते.
पोर नुकतंच वाचायला शिकलेलं असावं.
काच खाली करून, जोडाक्षरं चाचपडत,
त्यानं पहिलीवरचं वाचलं,
मग आनंदानं आईला हाक मारली:
पूल! आई, पूल!

आईनं माझ्याकडे पाहिलं.
मी मान खाजवली.